बायपासच्या दिवशी प्रार्थना कशी करावी

ह्यांच्या बायपासच्या दिवशी ओटीबाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर मी सहा तास काढले. पहिले दोन वाया घालवले. "देवा, एवढं पार पडू दे, सारसबागेतल्या गणपतीला २१ नारळांचं तोरण." मग २१ कमी वाटले म्हणून ५१. ही घासाघीस आधी बंद करा. नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला, हे तुकोबांनीच विचारून ठेवलंय.

त्यापेक्षा रामरक्षा घ्या, किंवा जे पाठ असेल ते. फक्त एका श्वासात एक श्लोक. रामरक्षेतले बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदातले, त्या छंदाची ३२ अक्षरं घाई न करता म्हटली तर श्वास घेण्यासकट १० सेकंद लागतात. मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलेत. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ साली २३ जणांकडून लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणवून घेतलं, तेव्हाही श्वास साधारण तिथेच आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त चोख चालली. माझ्या हाताची थरथर चौथ्या-पाचव्या श्लोकाला थांबली.

पेशंटला मात्र "अख्खी सोसायटी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय" असं सांगू नका. अमेरिकेत १,८०२ बायपास पेशंटांवर झालेला अभ्यास २००६ साली छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१. ज्यांना "होतेय" असं खात्रीनं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! पेशंटला वाटलं असेल, इतकी वेळ आली का, असा एक अंदाज. मला तो पटतो. आमच्या वन्संनी आदल्या रात्री फोनवर हेच सांगितलं, आणि फोन ठेवल्याबरोबर ह्यांनी मला लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगितलं.

वर कोणी ऐकतं का? देव परीक्षेला बसत नाही, असं आमचे कीर्तनकारबुवा म्हणतात. मग गुणही सांगू नका, असं शेजारचे अंनिसवाले. मला दोघांचंही पटतं, आणि रामरक्षा तरीही म्हणते.

शेवटचं. फोन सायलेंटवर टाकू नका, आणि नर्सनं नाव पुकारलं की श्लोक अर्धा सोडून उठा. मी "करौ सीतापतिः पातु हृदयं" इथे उठले. रक्ताच्या आणखी एका पिशवीसाठी सही हवी होती.