एअर फ्रायरमध्ये सेंट लुईसची टोस्टेड रॅव्हिओली

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला गेलात की स्टार्टरमध्ये टोस्टेड रॅव्हिओली, म्हणजे आत सारण भरलेला, चुऱ्यात घोळवून तळलेला पास्ता, हमखास दिसते. मूळ तिथल्या 'द हिल' नावाच्या इटालियन वस्तीतलं, आणि पहिल्यांदा कुणी केली यावर तिथल्या दोन-तीन रेस्टॉरंटांचा वाद आजही चालूच आहे, तो आपण सोडून देऊ. ते लोक डीप फ्राय करतात, आपण एअर फ्रायर वापरू.

रॅव्हिओली फ्रिजमधली किंवा फ्रोझन घ्या, सुकी पाकिटातली नको, ती भिजवल्या-उकळल्याशिवाय कडकच राहते. तिकडे आत बीफ असतं, पण चीज-पालकवालीही मस्त लागते. फ्रोझन असेल तर बाहेर काढून नरम होऊ द्या आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. हे टिपणं सगळ्यात महत्त्वाचं, ओल्या रॅव्हिओलीला ब्रेडचा चुरा धरत नाही आणि धरला तरी नंतर पापुद्र्यासारखा सुटून येतो. घरी केली असेल (करंजीसारखीच, फक्त पारी पातळ आणि कडा काट्याने घट्ट दाबलेल्या) तर आधी 2 मिनिटं उकळून फडक्यावर कोरडी करा, नाहीतर मैदा कच्चा राहतो.

2 अंडी आणि 2 चमचे दूध फेटून घ्या. अंडं चालत नसेल तर मैद्याची भज्यांपेक्षा जरा पातळ पेस्ट चालते. दुसऱ्या ताटात एक वाटी ब्रेडक्रम्स, ओरेगॅनो, थोडी लसूण पावडर, मीठ, किसलेलं पार्मेजान चीज. शाकाहारींनी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्यावा, कारण अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं. बारीक क्रम्स मला पांकोपेक्षा (जाडसर जपानी क्रम्स) बरे वाटतात, कडांना नीट चिकटतात. बुडवा, घोळवा, हाताने दाबा, 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

आता तेल. एअर फ्रायर म्हणजे बिनतेलाचं असं धरून बसू नका, तेल नसेल तर क्रम्स पांढरे आणि कोरडे राहतात. दोन्ही बाजूंना हलका स्प्रे मारा, नाहीतर ब्रशने लावा. फ्रायर 200 डिग्रीला तापवून एका थरात, एकमेकांना न चिकटता ठेवा, 4 मिनिटांनी उलटा, मग अजून 3-4 मिनिटं. सहाव्या मिनिटापासून डोकावत राहा, प्रत्येक मशीन वेगळं असतं आणि जास्त झालं की आतलं चीज फुटून बास्केटभर पसरतं, ते घासायला कोण बसणार!

सोबत मरिनारा, म्हणजे टोमॅटोचा इटालियन सॉस, हवाच. ऑलिव्ह ऑइलमध्ये लसूण, त्यावर टोमॅटो प्युरी, मीठ, बेसिल (आपली तुळस नको), आणि 15-20 मिनिटं मंद आचेवर. रॅव्हिओली गरम असतानाच वरून पार्मेजान भुरभुरा, सॉस मात्र वाटीत वेगळाच द्या, वर ओतलात तर कुरकुरीतपणा गेला. उरली तर मायक्रोवेव्ह नको, परत फ्रायरमध्ये 180 वर 3 मिनिटं.