केस मॉडिंगसाठी कंपनीकडून स्पॉन्सरशिप कशी मिळवायची

केस मॉडिंग म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट कापून, रंगवून, बदलून किंवा नवीन बांधून आपल्या डिझाइनचं करणं, आणि त्यासाठी पार्ट कंपनीकडून मिळवायचे तर मेल करून मागावे लागतात. आपण पाठवलेला मेल कंपनीत नेमकं कोण वाचतं इथून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं. तो मेल जातो मार्केटिंग किंवा पीआर बघणाऱ्या माणसाकडे. त्याच्याकडे ठरलेलं बजेट असतं, सॅम्पल म्हणून द्यायला मोजका माल असतो, त्यातला बराचसा रिव्ह्यू करणाऱ्यांकडे जातो आणि जे उरतं त्यावर आपल्यासारखे कितीतरी मॉडर डोळा ठेवून असतात. त्याने तुम्हाला एक रेडिएटर (लिक्विड कूलिंगमधलं लिक्विड थंड करणारा भाग) जरी दिला तरी वरच्याला सांगावं लागतं की हा का दिला आणि त्यातून आपल्याला काय मिळालं. हे उत्तर तुम्ही त्याच्या हातात आयतं ठेवलंत तर तो तुमच्यासाठी आत भांडतो, नाही ठेवलंत तर मेल तसाच पडून राहतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

आणि ते उत्तर बहुतेक वेळा फोटो हेच असतं. कंपनीकडे स्वतःच्या प्रॉडक्टचे पांढऱ्या बॅकग्राउंडवरचे फोटो ढीगभर असतात, पण तोच पंप, नळ्या जोडणारं तेच फिटिंग एखाद्या सुंदर बिल्डमध्ये, म्हणजे बांधून पूर्ण केलेल्या मशीनमध्ये बसलंय, त्यातून लिक्विड फिरतंय, असा फोटो त्यांच्याकडे नसतो आणि तो काढायला त्यांना वेळ पण नसतो. आपण देऊ शकतो ती खरी गोष्ट हीच.

म्हणून पहिला नियम, किमान दोन-तीन बिल्ड स्वतःच्या खर्चाने पूर्ण करा. पूर्ण या शब्दावर माझा भर आहे. या छंदात अर्धवट सोडलेले प्रोजेक्ट फार, आणि कंपन्यांनी पार्ट पाठवून नंतर काहीच न दिसल्याचे अनुभव घेतलेले असतात, त्यामुळे तुमचं डिझाइन कितीही भारी असलं तरी आधी ते बघतात की हा माणूस काम शेवटाला नेतो का. पहिलं बिल्ड साधंच असू दे. जुनं कॅबिनेट घ्या, वरच्या पत्र्यात १२० एमएम फॅनसाठी भोक कापा, स्क्रूच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १०५ एमएम येतं ते नीट आखून घ्या, पत्र्यावर आधी मास्किंग टेप लावा म्हणजे जिगसॉ घसरला तरी पेंट वाचतो, मग कडा कानशीने घासून हात फिरवला तरी टोचणार नाही इतकी साफ करा. आता त्या कडेचा जवळून फोटो काढा. खरं सांगतो, जाणकार माणूस लांबून काढलेल्या रंगीत लाइटच्या दहा फोटोंपेक्षा हा एक कडेचा फोटो जास्त वेळ बघतो, कारण हाताची सफाई तिथेच कळते. तसंच केबलचं. मदरबोर्डच्या २४ पिनच्या पॉवर केबलला स्लीव्हिंग करून, म्हणजे प्रत्येक वायरवर विणलेलं आवरण चढवून, सगळ्या वायर समांतर वळवल्यात की एकमेकींवर चढल्यात हे झाकता येत नाही.

कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. कागदावरचं स्केच, पुठ्ठ्याचा मॉकअप, चुकलेला कट, परत केलेला कट, सगळं. फोटोसाठी महाग कॅमेरा लागतोच असं नाही, ट्रायपॉड, मागे साधा एकरंगी कागद किंवा कापड, खिडकीतून येणारा मऊ उजेड आणि केसचं साफ केलेलं ॲक्रिलिक (पारदर्शक पॅनेल) एवढ्यात फोनवर पण उत्तम फोटो येतात. ॲक्रिलिकवरची धूळ आणि बोटांचे ठसे मात्र आधी पुसा, नंतर एडिटमध्ये काढत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

मग येतो नवीन प्रोजेक्ट, ज्याच्यासाठी मागायचंय. इथे बहुतेक लोक घाई करतात. मी पण केली होती, पहिल्यांदा अकरा कंपन्यांना एकच मजकूर पाठवला, फक्त वरचं नाव बदललं, आणि खाली लिहिलं की प्रोजेक्टला सपोर्ट हवाय. एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर ते मेल परत वाचले तेव्हा लक्षात आलं की मला नेमकं काय हवंय हे त्यात कुठेच नव्हतं, वाचणाऱ्याने हो म्हणायचं ठरवलं असतं तरी कशाला हो म्हणायचं तेच त्याला कळलं नसतं.

तर आधी डिझाइन पक्कं करा. स्केचअप किंवा फ्यूजनसारख्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बनवा आणि त्यात खरे पार्ट खऱ्या मापात बसवा. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० एमएम, फुल एटीएक्स ३०५ बाय २४४, पीएसयू (पॉवर सप्लाय) एटीएक्स असेल तर १५० एमएम रुंद आणि लहान आकाराचा एसएफएक्स असेल तर १२५, ही मापं ठरलेली असतात. पण रेडिएटरची जाडी आणि लांबी कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून ज्याच्याकडे मागणार त्याच्याच मॉडेलचं ड्रॉइंग त्यांच्या साइटवरून घ्या आणि तेच रेंडरमध्ये (मॉडेलवरून काढलेल्या चित्रात) लावा. स्वतःचं प्रॉडक्ट कुणाच्या तरी डिझाइनमध्ये आधीच बसलेलं दिसलं की मार्केटिंगवाल्याचं अर्धं काम होतं, त्याला कल्पना करावी लागत नाही.

मागायचं कुणाकडे? सगळे थेट ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर बनवणाऱ्यांकडे धावतात, आणि तिथेच सर्वात जास्त गर्दी आणि सर्वात कमी शक्यता असते. माझं मत असं की सुरुवात छोट्या वस्तूंपासून करा. स्लीव्हिंग, केबल कोम (वायर ओळीत धरणाऱ्या क्लिप), फिटिंग, ट्यूब, फॅन, एलईडी स्ट्रिप, थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट, पेंट, विनाइल रॅप, हत्यारं. या कंपन्या लहान असतात, मेल बऱ्याचदा मालक स्वतः वाचतो, आणि त्यांचं प्रॉडक्ट बिल्डमध्ये खरंच दिसतं. जवळच्या लेझर कटिंग किंवा सीएनसीवाल्याला पण विचारा, तो कंपनी नसला तरी तुमचे पॅनेल कमी दरात कापून देणं ही पण स्पॉन्सरशिपच आहे. पहिल्या उत्तरात फुकट माल न मिळता नुसता डिस्काउंट मिळाला तरी तो घ्या आणि काम असं करा की पुढच्या वेळी विचारताना दाखवायला काहीतरी असेल.

एक गोष्ट आधीच ठरवा, एका प्रकारच्या पार्टसाठी एकच स्पॉन्सर. केसला फॅन एका कंपनीचे आणि रेडिएटरवर दुसऱ्या कंपनीचे फॅन असं केलंत तर दोघेही नाराज होणार. काही कंपन्या सगळंच बनवतात, केस, पीएसयू, कूलर, फॅन, तेव्हा त्यांच्याकडून फक्त पीएसयू घेऊन फॅन दुसऱ्याचे लावणार असाल तर ते मेलमध्येच सांगा.

मेल छोटा ठेवा. स्क्रोल न करता वाचून झाला पाहिजे. परदेशातल्या कंपनीला इंग्रजीतच जाईल पण मजकूर साधारण असा:

"नमस्कार, मी केस मॉडर आहे, आतापर्यंत तीन बिल्ड पूर्ण केलेत, फोटो या लिंकवर आहेत. आता मिनी आयटीएक्सवर शून्यातून एक स्क्रॅच बिल्ड करतोय, रेंडर सोबत जोडलंय. यात तुमचा २४० एमएमचा स्लिम रेडिएटर वापरायचा आहे कारण माझ्याकडे फक्त ३० एमएम जाडीची जागा आहे आणि तुमचं मॉडेल त्यात बसतं. मला एक नग हवाय. बदल्यात दर आठवड्याला कामाचे अपडेट, शेवटी १५ हाय रिझोल्यूशन फोटो जे तुम्ही कुठेही वापरू शकाल, आणि केसच्या मागच्या पॅनेलवर तुमचा लोगो. काम चार महिन्यांत पूर्ण होईल. नग कधीपर्यंत हवा ते खाली लिहिलंय."

बस एवढंच. यात का हवाय त्याचं कारण प्रॉडक्टशी जोडलेलं आहे, किती हवंय तो आकडा आहे, काय देणार ते मोजता येतं, आणि तारीख आहे. फॉलोअर कमी असतील तर खरा आकडा लिहा, फुगवू नका, ते तपासायला त्यांना दोन मिनिटं लागतात. आणि मोठमोठ्या फाइल जोडू नका, एक छोटं रेंडर आणि बाकी लिंक. "तुमची कंपनी जगात सर्वोत्तम आहे" वगैरे वाक्यं गाळा, ती वाचून कुणी हो म्हणत नाही.

दोन आठवडे थांबा, मग एकदा आठवण करणारा दोन ओळींचा मेल, त्यानंतर पुन्हा नाही. नकार आला तर आभार मानून विचारा की या वर्षी पुढे कधी विचारलेलं चालेल, कारण कित्येकदा नकाराचं कारण तुमचं काम नसतं, बजेट संपलेलं असतं किंवा ते मॉडेलच बंद होणार असतं.

वेळेचं गणित पण बघा. तैपेईतलं कॉम्प्युटेक्स हे कॉम्प्युटरचं प्रदर्शन साधारण मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये असतं आणि तिथे कंपन्या आपल्या स्टॉलवर मॉड केलेल्या मशीन मांडतात, लास व्हेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन जानेवारीत असतं. नवीन प्रॉडक्ट या सुमारास बाहेर येतात, म्हणजे त्याच्या काही महिने आधी कंपन्यांना काहीतरी दाखवण्यासारखं हवं असतं. पण प्रदर्शनाच्या ऐन तोंडावर मेल टाकला तर तो बघायला कुणी जागेवरच नसतं. स्पर्धांचा रस्ता पण आहे. केस आणि कूलर बनवणारी कूलर मास्टर ही कंपनी केस मॉड वर्ल्ड सिरीज नावाची स्पर्धा घेत आलीय, त्यात तयार केस बदलून केलेले मॉड आणि शून्यातून बांधलेले स्क्रॅच बिल्ड असे वेगळे गट असायचे. थर्मलटेक ही तशीच कंपनीही निवडक मॉडरना बोलावून, पार्ट देऊन स्पर्धा घेत आलीय. अशा ठिकाणी नंबर नाही आला तरी तुमचं काम नेमक्या त्याच लोकांच्या नजरेस पडतं ज्यांना तुम्ही उद्या मेल करणार आहात.

होकार आला की उत्साहात लगेच पत्ता पाठवून मोकळे होऊ नका, चार गोष्टी लेखी विचारा. पार्ट ठेवायचा की परत करायचा, शिपिंग आणि कस्टम ड्यूटी कुणी भरायची, प्रॉडक्ट अजून बाजारात आलं नसेल तर फोटो कोणत्या तारखेनंतर टाकायचे, आणि फोटो ते कुठे वापरणार. मिळालेल्या वस्तूवर टॅक्स लागतो का हे तुमच्या देशात काय नियम आहे ते बघून घ्या. आणि पार्ट स्पॉन्सर्ड आहे हे प्रत्येक पोस्टमध्ये स्पष्ट लिहा, ते लपवलं तर बघणाऱ्यांचा विश्वास जातो आणि कित्येक देशांत ते सांगायलाच हवं असा कायदाही आहे.

आता काम सुरू झाल्यावर काहीतरी बिघडतंच. माझ्या बाबतीत स्पॉन्सर्ड रेडिएटरच फुटला. फॅन २५ एमएम जाडीचा, स्क्रू ३० एमएमचे, आणि मध्ये पॅनेल धरून हिशोब केलेला होता, पण मॉकअपच्या वेळी पॅनेल पेंटला गेलं होतं आणि मी फॅन थेट रेडिएटरवर कसला. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला हाताला जरा जास्त जोर लागला, एवढंच जाणवलं. लीक टेस्टला प्रेशर पडायला लागलं तेव्हा फॅन काढून बॅटरी मारून बघितलं तर फिन्सच्या मधली चपटी नळी स्क्रूच्या टोकाने दाबून चिरली होती. त्या रात्री झोप नाही लागली. सकाळी कंपनीच्या माणसाला सगळं खरं लिहिलं, चिरलेल्या नळीचा फोटो जोडला, चूक माझी आहे, दुसरा नग मी विकत घेतोय, काम तीन आठवडे पुढे जाईल, नवीन तारीख ही. त्याचं उत्तर दुपारपर्यंत आलं, कळवल्याबद्दल आभार आणि नवीन तारीख चालेल. पुढच्या प्रोजेक्टला त्याच कंपनीने पंप आणि वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता लिक्विडला देणारा भाग) दोन्ही दिले. उशीर सगळ्यांचाच होतो, पण त्यांनी विचारायच्या आत तुम्ही सांगितलंत तर तो उशीर राहतो, नंतर सांगितलंत तर ती फसवणूक वाटते. (आणि हो, रेडिएटरला स्क्रू लावायच्या आधी फॅनमधून घालून पलीकडे किती बाहेर येतो ते मोजाच.)

कबूल केलेले अपडेट काहीही झालं तरी पाठवा, त्या आठवड्यात फक्त २४० नंतर ४०० नंतर ८०० नंबरचा पॉलिश पेपर मारण्यात वेळ गेला असेल तरी त्याचाच फोटो टाका, लोकांना ते बघायला आवडतं. स्पॉन्सरच्या पार्टमध्ये काही खोट निघाली तर आधी त्यांना खासगीत कळवा, त्यांना दुरुस्त करायला वेळ द्या, पण विचारणाऱ्यांना खोटं चांगलं सांगू नका.

शेवटचे फोटो काढताना प्रत्येक स्पॉन्सरसाठी वेगळे दोन-तीन जवळचे शॉट घ्या ज्यात त्यांचंच प्रॉडक्ट मुख्य आहे, लोगो सरळ आहे, फॅनचं स्टिकर उलटं फिरलेलं नाही. आडवे आणि उभे दोन्ही, कारण त्यांना दोन्हीकडे लागतात. मग एक पानाचा रिपोर्ट, किती अपडेट झाले, किती जणांनी बघितलं, लोकांनी प्रॉडक्टबद्दल काय काय विचारलं, फोटोंची लिंक. हा रिपोर्ट न मागता पाठवा, तोच तो माणूस वरच्याला दाखवतो. मशीन मोडायची असेल किंवा पार्ट दुसऱ्या बिल्डमध्ये हलवायचा असेल तर आधी विचारा, आणि मिळालेला पार्ट विकायचा तर अजिबात नाही.

मार्केटिंगमधली माणसं नोकऱ्या बऱ्याचदा बदलतात, म्हणून कंपनीचा पत्ता जपता तसा त्या माणसाशीही संपर्क ठेवा. तो दुसऱ्या कंपनीत गेला की तिथेही तुमचं काम ओळखणारा एक जण झाला, आणि जुन्या ठिकाणी आता हे कोण बघतं ते त्यालाच विचारून घ्या.