जुना डोझर: आधी चेन बघा, मग इंजिन

जुना डोझर बघायला गेलेला माणूस आधी इंजिन मारून बघतो. धूर बघतो, ऑइलची काडी काढून बोटावर चोळतो आणि सौदा उरकतो. इंजिनाचं काय, ते तालुक्याच्या गावी कुठलाही चांगला मेकॅनिक बांधून देतो. पैसा जिरतो तो खाली, मातीत. दोन्ही चेन, त्यांवर बोल्टनं बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, चेनला आधार देणारे रोलर, पुढचं मोठं चाक म्हणजे आयडलर, चेन फिरवणारं दात्यांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट, यांवर अशा गाडीच्या दुरुस्तीतला जवळपास निम्मा खर्च होतो. म्हणून आपण खालून वर जाऊ.

मी बोलतोय ते दोन दांड्यांच्या, स्टिअरिंग क्लचवाल्या (म्हणजे दांडी ओढली की त्या बाजूच्या चेनची ताकद तुटते अशा) जुन्या गाड्यांबद्दल. कोमात्सुच्या रचनेवर बनलेला बीईएमएल या सरकारी कंपनीचा डी-५०, किंवा त्याआधीचे कॅटरपिलर. आपल्या देशाला या जातीच्या जुन्या गाड्या नव्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या कांस गवतानं ग्रासलेल्या जमिनी फोडायला अमेरिकन सैन्याचे उरलेले, वापरलेले चेनचे ट्रॅक्टरच आधी जुंपले होते. नव्यांसाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं.

सकाळची फेरी

चावीला हात लावण्याआधी हातोडी घ्या आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. पट्ट्यांच्या बोल्टवर हलका ठोका द्यायचा. घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. ढिला राहिला तर दोन दिवसांत भोक लांबट होतं, मग नवा बोल्ट घालूनही पट्टी हलतच राहते.

रोलरच्या कडेला ओला, काळपट ओघळ दिसला तर त्याचं सील गेलंय. खात्री करायची तर संध्याकाळी काम थांबल्यावर, गाडी बंद करून, प्रत्येक रोलरजवळ हात न्या. बाकीचे कोमट आणि एकच चटका देणारा असेल तर तो कोरडा फिरतोय. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरच्या पेटीचं, ऑइल आठवड्यातून एकदा बघा. ते काढताना प्लगला चिकटलेली बारीक चमचम चालते, पण नखाएवढा तुकडा निघाला तर गाडी तिथंच उभी करा.

चेनचा ताण

सपाट जागी गाडी थोडी पुढे घ्या आणि ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या. मग आयडलर आणि वरचा रोलर यांच्यावरून, पट्ट्यांच्या माथ्यावर, एक सरळ पाइप आडवा ठेवा. मधे चेन किती खाली लोंबते ते मोजपट्टीनं मोजा. डी-५० च्या मापाच्या गाडीला साधारण २० ते ३० मिमी झोळ लागतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचं ऐका.

आपल्याकडे चेन ताठ ठेवायची खोड आहे. ढिली चेन उतरेल याची भीती असते, आणि ती खोटीही नाही. पण ताठ चेन पिन-बुश (चेनचे दुवे जोडणारी खीळ आणि तिच्यावरची नळी) आणि स्प्रॉकेटचे दात घासून खाते, शिवाय इंजिनाची ताकद फुकट जाते. काळ्या रानात ओल असताना तर माती स्प्रॉकेटमध्ये भरून चेन आपोआपच ताणली जाते. अशा वेळी ताण त्या चिखलासकट मोजायचा आणि संध्याकाळी फावड्यानं सगळी माती उकरून काढायची. रात्रभर वाळली तर सकाळी ती विटेसारखी फोडावी लागते.

ताण वाढवायला आयडलर पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या निपलमध्ये ग्रीस गननं ग्रीस भरायचं. कमी करायला प्लग फक्त एक आटा सैल करायचा, त्याहून जास्त नाही. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. प्लग पूर्ण फिरवला तर तो गोळीसारखा सुटतो, म्हणून तोंड आणि पोट त्याच्या समोर आणू नका. फार जुन्या गाड्यांत ग्रीसऐवजी आट्याचा दांडा आणि लॉक-नट असतो. तिथं हा धोका नाही, पण गंजलेला नट सोडवण्यात अख्खी दुपार जाते.

चेन लांबत चाललीय का हे सलग चार लिंकची लांबी मोजून कळतं. लांबली म्हणजे लोखंड ताणलं गेलं असं नाही, प्रत्येक पिन आणि बुश एका बाजूनं झिजलेत. बुश आरपार झिजण्याआधी प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून बसवले तर तीच चेन पुन्हा चांगला काळ चालते. तडा गेल्यावर फिरवण्यात अर्थ नाही. बहुतेक मालक इथंच महिनाभर उशीर करतात.

इंजिनाची थोडक्यात काळजी

टाकी संध्याकाळी भरा, सकाळी नाही. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते आणि आतल्या हवेतलं पाणी डिझेलमध्ये उतरतं. सकाळी खालचा कॉक उघडून थोडं डिझेल वाटीत काढा, तळाशी पाण्याचे मणी दिसतील. एअर क्लीनर ऑइलच्या वाटीचा असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडा. ऑइल घट्ट, गाळासारखं झालं की बदला. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला काडीकचरा काढा. सुरू केल्यावर पाच मिनिटं आणि बंद करण्याआधी तेवढीच, गाडी बिनलोड चालू द्या.

दोन दांड्या, आणि उताराचा उलटा न्याय

सपाटीवर हिशोब सोपा आहे. डावी दांडी ओढली की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी ढकलत राहते, गाडी डावीकडे वळते. जागच्या जागी वळवायचं तर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा.

उतारावर मात्र हे फिरतं. माझ्या पहिल्या हंगामात मी एका तालीवरून खाली उतरत होतो. उजव्या हाताला बिनकठड्याची विहीर. तिच्यापासून लांब जावं म्हणून डावी दांडी ओढली, आणि दहा-बारा टनांची गाडी शांतपणे विहिरीकडे वळू लागली. घाबरून मी दांडी आणखी ओढली. तिला डावा ब्रेक लावायचा एवढंच सुचायला हवं होतं. शेवटी ब्लेड खाली आपटलं आणि ते मातीत रुतल्यावर गाडी थांबली. आमचे जुने ऑपरेटर बांधावर उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त बिडी विझवली.

झालं काय होतं? उतारावर इंजिन गाडी ढकलत नसतं, धरून ठेवत असतं. डावी दांडी ओढली की डाव्या चेनवरची ती पकड सुटते. डावी बाजू मोकळी पुढे पळते आणि गाडी उजवीकडे वळते. म्हणून उताराला डावीकडे जायचं तर उजवी दांडी जराशी ओढायची, ब्रेकला हात न लावता. किंवा डावी ओढताच लगेच डावा ब्रेक मारायचा. ब्लेडपुढे मातीचा मोठा ढीग असेल तोवर तो गाडीला अडवून धरतो आणि दांड्या सरळच चालतात. ढीग काठावरून खाली पडला की त्याच क्षणी न्याय उलटतो. नवा माणूस चुकतो तो नेमका इथं. गिअर उताराला लागण्याआधीच निवडा. जुन्या गिअरबॉक्समध्ये मधेच बदलायला गेलात आणि न्यूट्रलमध्ये अडकलात तर धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतात.

स्टिअरिंग क्लच कोरडा (तेलात न बुडणारा) असेल आणि ओढूनही नीट सुटत किंवा धरत नसेल तर आत तेल झिरपलंय. हाउसिंगचा खालचा प्लग उघडा ठेवल्यास ते गळून जातं. पण सील बदलल्याशिवाय दुखणं जात नाही.

कामाची पद्धत

ब्लेड भरताना पहिला गिअर आणि पुरेसा वेग ठेवा. इंजिनाचा आवाज दबला की ब्लेड बोटभर उचला, क्लच अर्धवट ओढून धरू नका. एकाच चरातून परत परत माती न्या, कडेच्या भिंतींमुळे ती बाजूला सांडत नाही. रिव्हर्स मात्र सावकाश घ्या. मागे भरधाव पळवण्यानं बुश सगळ्यात जास्त झिजतात आणि मजुरी कोणी मागे येण्याची देत नाही. खडकाळ जागी जागच्या जागी गरकन वळणं टाळा, आणि दिवसभर एकाच बाजूला वळत राहू नका.

काम संपलं की गाडी सपाटीवर घ्या आणि ब्लेड जमिनीला टेकवूनच बंद करा. ब्लेडखाली काम करायचं असेल तर दोन्ही बाजूंना जाड लाकडी ठोकळे लावा. ते लावल्याशिवाय हात आत घालू नका. मग फावडं घ्या, कारण स्प्रॉकेटमधली माती अजून ओली आहे.