कॅम्पसवर रोप्स कोर्स करताय? आधी माती बघा, मग तारेचा झोळ

रोप्स कोर्स म्हणजे झाडांत नाहीतर खांबांत तारा-दोऱ्या ताणून त्यावरनं तोल सांभाळत जायचा खेळ. नाव काढलं की सगळ्यांना आधी झिपलाईनच (तारेला लटकून घसरत जायचं) सुचते, पण माझं ऐका, पहिल्या वर्षी लो कोर्सच करा, पाय जमिनीपासून दोन फुटाच्या वर नको. एकमेकांचा हात धरून तोल सांभाळत तारेवरनं जायचं, बाकीच्यांनी खाली दोन्ही बाजूनी हात पुढं करून थांबायचं, अहो कन्नड-मराठी पोरं एका तासात दोस्त होतात. उंचावरच्या हाय कोर्सला हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा), बिले (पडणाऱ्याला दोरीनं धरून ठेवायची सोय), ट्रेनिंग घेतलेली माणसं लागतात, ते नंतर बघू.

आता जागा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं तांबडी माती, खांब बरा धरते. बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी, ती पावसात फुगते न् उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं सरळ उभा केलेला खांब हळूहळू कलतो. तिथं काळ्या थराच्या खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खड्डा न्या, आणि पायाचा हिशोब सिव्हिल इंजिनिअरकडनंच करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर नको. झाडाला बांधायचं तर निलगिरी सोडा, तिच्या फांद्यांचा भरवसा नाही. आंबा, जांभूळ असलं जाड बुंध्याचं, आतनं न पोखरलेलं झाड बघा. तार थेट सालीवर आवळू नका, मधे लाकडी ठोकळे घाला, नाहीतर साल कापत जाते न् झाड वाळतं.

तार 12 एमएमची गॅल्व्हनाइज्ड वायर रोप घ्या. आणि ही गोष्ट नीट वाचा, तार कडक ताणली की मजबूत होते असं अजिबात नाही. दोन झाडांत 10 मीटर अंतर आहे, मधोमध 60 किलोचा पोरगा उभा आहे आणि तार अर्धा मीटर खाली येते (हाच झोळ), तर ताण साधारण 300 किलो. तीच तार इतकी ताणली की झोळ फक्त 10 सेंटीमीटर, तर ताण 1,500 किलोवर जातो! पोरगा तोच, वजन तेच, उड्या मारल्या तर आणखी वाढणार. म्हणून झोळ ठेवाच.

तारेचं टोक वळवून फास करा, त्यात थिंबल (तार घासू नये म्हणून बसवायची धातूची खोबण) घालून दोन्ही पदर एकत्र आवळणाऱ्या कमीत कमी 3 क्लिपा लावा. क्लिपची खोबणीची बाजू वजन पेलणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकावर, उलटं लावलं तर मुख्य तारच चेमटते. पहिल्यांदा वजन टाकून बघितल्यावर नट परत आवळायचे.

वळवाचं गडगडायला लागलं की सगळ्यांना लगेच खाली उतरवा. नायलॉनच्या दोऱ्या काम झालं की काढून सावलीत ठेवा, उन्हानं त्या कमजोर होतात, आणि पावसाळा संपल्यावर खांबाचं बूड, वाळवी, तारेचे तुटलेले धागे बघितल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नका.