शाळेचं साहस शिबिर: बस निघायच्या आधीच होणाऱ्या चुका

साठ पोरं आणि एक दोर. जरा हिशोब करून बघा. हार्नेस (कमर-मांड्यांचा सुरक्षा पट्टा) चढवायचा, तपासायचा, कड्याच्या काठावर समजावून सांगायचं, उतरवायचं, खाली दोर सोडवायचा. एका पोरामागे आठ मिनिटं कुठं जात नाहीत. म्हणजे साठ पोरांचे आठ तास झाले. आणि शाळेनं पालकांना वाटलेल्या पत्रकात छापलेलं असतं: '१० ते १२ रॅपलिंग (म्हणजे दोरावरून कडा उतरणं), १२ ते १ बोटिंग'.

सोलापूर आणि आसपासच्या शाळांची आठवी ते दहावीची शिबिरं घेताना मला दिसलेली सगळ्यात मोठी चूक हीच. पुढच्या निम्म्या चुका या पत्रकातूनच जन्माला येतात. अकरा वाजता चाळीस पोरं रांगेत उन्हात उभी असतात, मागून मुख्याध्यापकांचा फोन येतो, आणि मग बकल हात लावून तपासण्याऐवजी नुसतं बघून 'चल पुढे' होतं. माझा नियम सोपा आहे: एका सकाळी एका दोरावर वीसच्या वर पोरं नाहीत. बाकीची तेवढ्या वेळात दुसरं काहीतरी करतील. हार्नेस एकानं बांधायचा, तपासायचा दुसऱ्यानं. बांधणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

त्या तपासणीत गळ्याकडे आणि डोक्याकडेही बघा. शाळेचं आयकार्ड, ओढणी, मोकळी वेणी उतरताना, ज्यातून दोर सरकतो त्या आठच्या आकाराच्या धातूच्या कडीत ओढली जाते. केस अडकले की पोर किंचाळतं आणि कुणीतरी शहाणा चाकू काढतो. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो तुटतो, त्यामुळे चाकू लांबच बरा. मुख्य दोर वर अशा गाठीनं बांधून घ्या की भार असतानाही तो सैल सोडता येईल, आणि वर जादा दोर ठेवा. मग केस अडकोत नाहीतर पोर मध्येच थिजो, त्याला वरून हळूहळू खाली घेता येतं. कमरेला वेगळा सुरक्षा दोर तर हवाच. शिबिर घेणाऱ्या संस्थेला पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा: "पोर मध्येच अडकलं तर काय करता?" उत्तर 'आजवर असं झालं नाही' असं आलं, तर दुसरी संस्था बघा.

तारीख ठरवतानाही गडबड होते. परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये शिबिर ठेवायचं शाळांना सोयीचं वाटतं. तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. "सर, आम्हाला उन्हाची सवय आहे बे," असं पोरंच सांगतात. सवय असते ती सावलीतून ऊन बघायची. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. त्यातही संक्रांतीचा आठवडा सोडा. सिद्धेश्वर यात्रा असते, निम्मा वर्ग बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत असतो, आणि दहावीच्या डोक्यावर सराव परीक्षा असते. हिवाळ्यातही सकाळी लवकर सुरू करून अकराला दोर गुंडाळलेला बरा. प्रत्येकाची स्वतःची दोन लिटरची बाटली हवी, आणि तहानेची वाट न बघता शिट्टी वाजली की सगळ्यांनी प्यायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हटलं की सावली आणि ओआरएस. असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर मात्र तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. फोन लागतो का, हे जागा बघायला गेलात तेव्हाच तपासलेलं असावं.

जागा बघायला जाणंसुद्धा बहुतेक शाळा टाळतात. नळदुर्ग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाणीमहाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे येतात. पण ते बोरी नदीला पाणी आल्यावर पडतात, आणि तेव्हाच दगड शेवाळलेले असतात. शिवाय किल्ला संरक्षित आहे. तटबंदीवर वाटेल तिथं दोर टाकता येत नाही, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. जुन्या बुरुजांना आग्या मोहोळ असू शकतं. डिओ मारून, आरडाओरडा करत किंवा शेकोटीचा धूर करत त्याखाली पोरं नेऊ नका. माशा उठल्याच तर तोंड झाकून पळत बसमध्ये शिरायचं. नान्नजचं माळरान (माळढोक अभयारण्य) तर खेळायची जागाच नव्हे. तिथं काळवीट दुर्बिणीतून बघावं, गप्प बसावं आणि परत यावं.

पाण्यातले खेळ ठेवणार असाल तर जानेवारी २०२४ आठवा. वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जादा माणसं भरली होती आणि बऱ्याच जणांना जॅकेट नव्हतं. तलावावर मोठ्यांच्या मापाची जॅकेटं सातवी-आठवीतल्या पोरांना देतात, हीपण फसवणूकच. बकल लावून झाल्यावर खांद्याला धरून जॅकेट वर ओढा. कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघणार.

आता एक माझी चूक. एका मुलीला चढावर दम लागला. फॉर्मवर 'आजार: नाही' लिहिलेलं होतं. मैत्रीण म्हणाली, तिचा पंप सॅकमध्ये आहे. सॅक बसमध्ये, आणि बस डिझेल भरायला गेलेली! बस परत येईपर्यंतची ती पंचवीस मिनिटं मी विसरलेलो नाही. 'आजार लिहिला तर पोरीला नेणार नाहीत' या भीतीनं आईवडील खोटं लिहितात. म्हणून आता फॉर्मवर भरवसा ठेवत नाही. आदल्या संध्याकाळी घरोघर फोन करतो आणि 'ती येणारच आहे, फक्त औषध कुठलं ते सांगा' अशी सुरुवात करतो. पंप, झटक्याच्या गोळ्या सॅकमध्ये राहत नाहीत, सोबतच्या मॅडमच्या कमरेच्या पाउचमध्ये जातात. सॅनिटरी पॅडही तिथंच, आणि ते आहेत हे मुलींना बसमध्येच सांगून टाकायचं.

गट पाडताना 'आपापले करा' म्हणू नका. सोलापुरात तर नकोच. घरी तेलुगू बोलणारी एकीकडे, कन्नड बोलणारी दुसरीकडे, आणि एकटं पडलेलं पोर मास्तरांच्या मागे. चिठ्ठ्या टाका. गटनायकही दर खेळाला बदला, नाहीतर दोन दिवस वर्गाचा मॉनिटरच बोलत राहतो.

महागडं साहित्य नसलं तरी चालतं. आठ पोरं एका सोलापुरी चादरीवर उभी करा. कुणाचाही पाय जमिनीला न लागता चादर उलटी करायची. पहिली पाच मिनिटं नुसता आरडाओरडा. मग कुणीतरी खाली बसून कोपरा दुमडायला लागतं, आणि बहुतेकदा ते पोर वर्गात कधी बोललेलं नसतं. शिक्षक नेमके इथंच घाई करतात: टाळ्या, फोटो, पुढचा खेळ. त्याऐवजी त्याच चादरीवर सगळ्यांना बसवा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा फिरवा आणि विचारा, "कोपरा आधी कुणाला दिसला? त्यानं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं?" सुरुवातीला कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.