केवळ विम्यासाठी सायकल संघटनेचे सभासद व्हावे का? ब्रिटनमधील मराठी सायकलस्वारांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये सायकल चालवण्यासाठी परवाना लागत नाही, सायकलची नोंदणी करावी लागत नाही आणि विम्याचीही सक्ती नाही. पुण्या-नाशिकात सायकल चालवत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती आहे ती मोटार वाहनांनाच. फरक जाणवतो तो अपघातानंतर. तिकडे किरकोळ धडकेचा निकाल बहुतेक वेळा रस्त्यातच, चार लोकांच्या साक्षीने आणि थोड्याफार आरडाओरड्याने लागतो. इकडे मात्र जखमी व्यक्तीला भरपाईचा दावा लावण्यासाठी सर्वसाधारणपणे 3 वर्षांची मुदत असते आणि आपण तो प्रसंग विसरून गेल्यावर एखाद्या दिवशी वकिलाचे पत्र दारात येऊन पडते. म्हणूनच इथे नोकरीसाठी आलेल्या आणि रोज सायकलने कामावर जाऊ लागलेल्या मंडळींना ‘सायकलिंग यूके’ किंवा ‘ब्रिटिश सायकलिंग’ या राष्ट्रीय संघटनांचे सभासदत्व निव्वळ विम्यासाठी घ्यावे का, असा प्रश्न पडतो. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही, परंतु आपल्यापुरते उत्तर अर्ध्या तासात काढता येते.

प्रथम सभासदत्वातून नेमके काय मिळते ते पाहू. या विम्याचा गाभा त्रयस्थ दायित्व हा आहे: सायकल चालवताना आपल्या चुकीने दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्या व्यक्तीला द्यावी लागणारी भरपाई आणि त्या दाव्याचा कायदेशीर खर्च विमा कंपनी उचलते. सायकलिंग यूकेच्या विम्याची मर्यादा 1 कोटी पौंड आहे आणि ब्रिटिश सायकलिंगचीही निदान तेवढी आहे. या आकड्याने मात्र भारून जाऊ नये. एवढी भरपाई आयुष्यभराचे अपंगत्व आल्यासारख्या प्रसंगातच लागते. नेहमीचे दावे म्हणजे उभ्या मोटारीचा तुटलेला आरसा, दारावर हँडलने उमटलेला ओरखडा किंवा पादचाऱ्याचे मोडलेले मनगट. अशा लहान दाव्यांत विम्याच्या मर्यादेपेक्षा महत्त्वाची ठरते ती ‘एक्सेस’, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः भरायची रक्कम. आरशाचा खर्च त्या रकमेपेक्षा कमी असेल, तर विमा असूनही पैसे आपल्याच खिशातून जातात, म्हणून सभासद होण्यापूर्वी हा आकडा विचारून घ्यावा.

मोठा धोका भरपाईत नसून खर्चात असतो, हे लंडनच्या एका खटल्याने चांगलेच दाखवून दिले. 2015 च्या जुलै महिन्यात लंडन ब्रिजजवळ कामावरून घरी निघालेला एक सायकलस्वार हिरव्या दिव्यावर पुढे आला असता, मोबाइलमध्ये पाहत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेशी त्याची टक्कर झाली. त्याने हॉर्न वाजवला होता, ओरडून सावध केले होते आणि सायकल वळवण्याचाही प्रयत्न केला होता. 2019 मध्ये सेंट्रल लंडन काउंटी कोर्टाने दोघांनाही निम्मे-निम्मे जबाबदार धरले. त्यानुसार त्याने द्यायची भरपाई 4 हजार पौंडांहून थोडी अधिक होती. तिच्या वकिलांच्या खर्चाची मागणी मात्र 1 लाख पौंडांच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांत आले. त्याच्याकडे विमा नव्हता, आणि त्याने उलट दावाही लावलेला नव्हता. अखेर अनोळखी लोकांनी वर्गणी काढून 50 हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. प्रत्येकाच्या वाट्याला अशी वर्गणी येईल या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. शिवाय 29 जानेवारी 2022 पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या रस्ते वापराच्या अधिकृत नियमावलीत, रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड आली असून, ज्याच्यामुळे अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर इतरांना जपण्याची जबाबदारी अधिक, हे तत्त्व त्यात स्पष्ट केलेले आहे. पादचाऱ्यापुढे सायकलस्वार या हिशेबाने मोठा ठरतो.

तरीही लगेच सभासदत्वाचा अर्ज भरू नये. आधी घरातील सामानाच्या विम्याची, म्हणजे ‘होम कंटेंट्स’ पॉलिसीची प्रत काढावी, कारण ज्याच्यासाठी संघटनेची वर्गणी भरायची ते संरक्षण तिथे पुष्कळदा आधीच असते आणि अनेकांना ते माहीत नसते. पॉलिसीचे लांबलचक पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. ‘लायबिलिटी’ हा शब्द शोधावा. ‘ऑक्युपायर्स लायबिलिटी’ आणि ‘पर्सनल लायबिलिटी’ अशी दोन नावे बहुधा शेजारीशेजारी आढळतात. त्यांपैकी पहिले घराच्या हद्दीत घडणाऱ्या अपघातांसाठी असते, तर दुसरे आपण घराबाहेर एक व्यक्ती म्हणून केलेल्या चुकांसाठी. आपल्याला दुसरे हवे असते. ते सापडले की त्याखालील अपवादांची यादी सावकाश वाचावी. तिथे यांत्रिक वाहने, विमाने आणि नौका यांच्या वापरातून उद्भवणारे दायित्व वगळल्याचे वाक्य असते, आणि पायडलने चालणारी सायकल त्या वगळलेल्या वाहनांत मोडत नाही असे सांगणारे चार-पाच शब्द पुष्कळ पॉलिसींमध्ये त्याच वाक्यात किंवा वाहनाच्या व्याख्येत घातलेले असतात. आपला सगळा प्रश्न त्या चार-पाच शब्दांवर अवलंबून आहे. ते नसतील किंवा अर्थ संदिग्ध वाटला, तर फोनवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. ‘मी रोज सार्वजनिक रस्त्यावर सायकलने कामावर जातो, माझ्या हातून त्रयस्थ व्यक्तीला इजा झाली तर या पॉलिसीत ते दायित्व येते का’ असा एकच प्रश्न ईमेलने विचारावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

तिथेच आणखी एक व्याख्या पाहावी लागते, ती म्हणजे कुटुंबात कोण मोडते याची. पती, पत्नी आणि मुले सामान्यतः येतात. घरात खोली घेऊन राहणारा सहकारी सहसा येत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा तर वेगळाच गैरसमज असतो. घरमालकाने काढलेला विमा इमारतीचा असतो आणि त्याचा आपल्या सायकलशी काडीचाही संबंध नसतो. चार जणांनी मिळून घर घेतलेले विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला आलेले तरुण यांच्याकडे सामानाचा विमा बहुतेक वेळा नसतोच, आणि माझ्या मते संघटनेचे सभासदत्व सर्वाधिक उपयोगी पडते ते याच लोकांना. वर्गणी दरवर्षी थोडी बदलते, परंतु प्रौढ व्यक्तीसाठी ती साधारण 50 पौंडांच्या आसपास धरून चालावे. ज्याच्याकडे सामानाचा विमा आहे, त्यात सायकलसह वैयक्तिक दायित्व स्पष्टपणे आहे आणि जो महिन्यातून दोन रविवारी उद्यानात फेरफटका मारतो, त्याने केवळ विम्यासाठी ही वर्गणी भरण्याचे कारण मला दिसत नाही.

रोज रहदारीतून जाणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो, आणि त्याचे कारण दायित्वाच्या विम्यात नसून त्याच्या जोडीने मिळणाऱ्या कायदेशीर साहाय्यात आहे. आपण दुसऱ्याला धडकण्यापेक्षा मोटार आपल्याला धडकण्याची शक्यता रस्त्यावर कितीतरी अधिक असते. अशा वेळी मोटारीची विमा कंपनी आपल्याशी लढायला सज्ज असते आणि आपण एकटे असतो. दोन्ही संघटना अपघातग्रस्त सभासदांना सायकल अपघातांचे दावे हाताळणाऱ्या वकिलांकडे पाठवतात. वकील आपणही शोधू शकतो, परंतु ‘जिंकल्यास फी’ या पद्धतीने काम करणाऱ्या वकिलाला यशाबद्दलचे शुल्क म्हणून झालेल्या इजेच्या आणि मागील नुकसानीच्या भरपाईतून 25 टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेता येते. म्हणून सभासद होताना विचारण्याचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा, की तुमच्या योजनेत भरपाईतून काही कापले जाते का, आणि जाते तर किती. या एका उत्तरावर कित्येक वर्षांची वर्गणी वसूल होऊ शकते.

दोन संघटनांपैकी निवड करणे त्यामानाने सोपे आहे. सायकलिंग यूके ही 1878 मध्ये सायकल पर्यटकांची संघटना म्हणून स्थापन झाली, पुढे दीर्घकाळ सीटीसी (सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब) या नावाने ओळखली गेली आणि 2016 मध्ये तिने आजचे नाव घेतले. प्रवास, रोजची ये-जा आणि कौटुंबिक सायकलिंग हा तिचा पिंड आहे, आणि एका पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबासाठी तिथे एकत्र सभासदत्वही मिळते. ब्रिटिश सायकलिंग ही सायकलिंग या क्रीडा प्रकाराची नियामक संस्था असल्यामुळे ज्याला शर्यतींत उतरायचे आहे त्याला बहुधा तिच्याकडे जावे लागते. केवळ कामावर जाणाऱ्यांसाठीही तिच्याकडे सभासदत्वाचा प्रकार आहे. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी 1978 पासून काम करणाऱ्या ‘लंडन सायकलिंग कॅम्पेन’ची चौकशी अवश्य करावी, कारण तिच्या सभासदांनाही त्रयस्थ विमा मिळतो आणि वर्गणीचा पैसा आपल्याच शहरातील रस्त्यांसाठी झगडण्यात खर्च होतो.

या विम्यात काय येत नाही, हे माहीत नसल्याने फसगत होते. सायकलची चोरी किंवा मोडतोड यात येत नाही. त्यासाठी सामानाच्या पॉलिसीत सायकलची वेगळी नोंद करावी लागते किंवा स्वतंत्र विमा काढावा लागतो. आपल्या स्वतःच्या उपचारांचा खर्च यात धरलेला नसतो, परंतु व्हिसावर आलेल्यांनी आरोग्य अधिभार भरलेला असल्यामुळे एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, दार त्यांना उघडे असते, तेव्हा भारतात जी चिंता पहिल्या क्रमांकाची असते ती इथे बरीच मागे पडते. बुडणाऱ्या पगाराची चिंता मात्र राहते. विजेच्या सायकलीबाबत विशेष सावध राहावे: मोटर 250 वॉटपर्यंतची असेल आणि तिची मदत ताशी 15.5 मैलांवर थांबत असेल, तरच कायदा तिला सायकल मानतो. वेगमर्यादा काढून टाकलेली सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते, तिला नोंदणी, परवाना आणि मोटार विमा लागतो आणि संघटनेचा विमा तिथे उपयोगी पडत नाही. पैसे घेऊन खाद्यपदार्थ पोहोचवण्याच्या कामालाही सभासदत्वाचा साधा विमा सहसा लागू होत नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मुळातच परवानगी नसल्यामुळे तिथे विम्याहून मोठे संकट उभे राहते. विमा ब्रिटनबाहेरच्या प्रवासातही चालतो, पण अमेरिका आणि कॅनडा बहुधा वगळलेले असतात. सुटीत गावी जाऊन कोकण किनाऱ्याने सायकल चालवायचा बेत असेल, तर प्रवास विमा निराळा काढावा, कारण तिथे रुग्णालयाचे बिल आपल्याच नावाने येणार असते.

अपघात झालाच, तर पहिल्या तासाभरात काय केले यावर पुढचे बरेच काही ठरते. मोटार गुंतलेली असेल, तर तिचा क्रमांक आधी टिपावा; नाव आणि पत्ता चालकाने नाकारला, तरी क्रमांकावरून त्या गाडीची विमा कंपनी मोटार इन्शुरर्स ब्युरो या मोटार विमा कंपन्यांच्या सामाईक संस्थेच्या माहितीसाठ्यातून शोधता येते. चालक पळून गेला किंवा त्याचा विमाच नसला, तर इजेच्या भरपाईसाठी याच ब्युरोकडे दाद मागता येते, मात्र त्यासाठी पोलिसांकडे वेळेवर नोंद झालेली असावी लागते. दुसऱ्या सायकलस्वाराने आपल्याला पाडले असेल, तर ब्युरो कामाला येत नाही, म्हणून त्याचे नाव, पत्ता आणि तो कोणत्या संघटनेचा सभासद आहे का हे जागेवरच विचारावे. रस्त्याची, सायकलच्या स्थितीची आणि दिव्यांची छायाचित्रे काढावीत, साक्षीदारांचे फोन क्रमांक घ्यावेत आणि मोडलेली सायकल दुरुस्तीला टाकण्यापूर्वी तशीच ठेवावी. चूक आपली असली, तरी भरपाई देण्याचे कबूल करू नये आणि वकिलाच्या पत्राला स्वतः उत्तर लिहीत बसू नये. ते पत्र त्याच दिवशी संघटनेकडे पाठवावे, कारण कळवण्यास उशीर झाला या सबबीखाली विमा कंपनीला हात झटकता येतात. या देशात ‘सॉरी’ तोंडातून निघतेच, आणि त्याची धास्ती बाळगू नये: 2006 च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टनुसार (भरपाईविषयक कायद्यानुसार) इंग्लंड आणि वेल्समध्ये नुसती दिलगिरी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली धरली जात नाही. ‘तुमचा सगळा खर्च मी देतो’ हे मात्र म्हणू नये.

मराठी मंडळांच्या सायकल सहलींविषयीही सांगितले पाहिजे. सहभागी झालेले सगळे जण सभासद असले, तरी त्यांचा विमा त्यांच्या वैयक्तिक चुकीपुरता असतो. ज्याने मार्ग आखला, वेळ ठरवली आणि पुढे राहून वाट दाखवली, त्याच्या आयोजक म्हणून असलेल्या दायित्वाला तो पुरत नाही. सहल नियमित निघत असेल, तर मंडळाने किंवा त्यातील सायकल गटाने सायकलिंग यूकेशी संलग्न होऊन आयोजकाच्या दायित्वाचा विमा घ्यावा, नेतृत्व करणाऱ्यांची नावे संघटनेकडे कळवावीत, आणि नव्याने येणाऱ्या बिगर-सभासदांना किती सहलींपुरते सामावून घेता येते व लहान मुलांसाठी कोणत्या अटी आहेत हे पहिल्या सहलीची तारीख जाहीर करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.