टोनिंगची चांदीची नाणी ऑनलाइन लिलावात स्वस्तात घेताय? या चुका टाळा

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट भागातल्या जुन्या घरांतून चांदीचे बंदे रुपये अजूनही निघतात. काही सराफाकडे वजनावर जातात, काही ऑनलाइन लिलावात येतात. विकणाऱ्याला नाणं काळपट दिसलं की तो ‘काळं पडलेलं’, ‘डागाळलेलं’ असं लिहून मोकळा होतो. चांगलं टोनिंग (म्हणजे वर्षानुवर्षं हवेमुळे चांदीवर चढलेला रंग) असलेला कलदार, म्हणजे ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया, स्वस्तात मिळतो तो अशाच लॉटमध्ये. नवखा खरेदीदार मात्र भडक निळ्या-जांभळ्या फोटोवर तुटून पडतो आणि दुप्पट पैसे देऊन रंगवलेलं नाणं घरी आणतो. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी रंगाखालचा पृष्ठभाग बघायचा.

रंगाचा क्रम न बघणं

हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. दिसणारा रंग थराच्या जाडीवर ठरतो, म्हणून त्याला क्रम असतो: फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस-जांभळा, निळा, मग पुन्हा पिवळसर, गुलाबी, हिरवट, आणि शेवटी राखाडी-काळा. नाण्यावर रंगाचे पट्टे असतील तर ते साधारण याच क्रमाने एकातून दुसऱ्यात उतरायला हवेत. पिवळ्याला लागून एकदम गडद निळा आला आणि मधल्या तांबूस-जांभळ्याचा पत्ताच नसला, तर शंका घ्या.

गंधकाची भुकटी, उकडलेलं अंडं किंवा उष्णता वापरून काही तासांत रंग चढवता येतो. असा रंग बहुतेक वेळा पृष्ठभागावर तरंगल्यासारखा दिसतो आणि अक्षरांवरून, खोलगट भागावरून सारखाच पसरतो. नैसर्गिक टोनिंगमध्ये अक्षरांच्या अगदी लगत बऱ्याचदा फिकट कड राहते. आणखी एक खूण म्हणजे झिजलेलं नाणं. व्हिक्टोरिया राणीच्या गालावरची आणि केसांवरची नक्षी सपाट झालीय, पण रंग इंद्रधनुष्यासारखा झगझगीत आहे, असा रुपया सोडून द्या. भडक रंग टिकायला मूळ, म्हणजे टांकसाळीतून निघतानाची, झळाळी लागते. वापरात फिरलेल्या नाण्यावर साधारणपणे करडं, शांत टोनिंग येतं.

फोटोवर विश्वास

आधी नाण्याकडे नको, पार्श्वभूमीकडे बघा. पांढरा कागद निळसर किंवा गुलाबी दिसत असेल, तर नाण्याचा रंगही तितकाच खोटा आहे. मग त्याच विक्रेत्याचे बाकीचे लॉट उघडा. सगळ्याच नाण्यांवर तोच जांभळा असेल, तर करामत एकतर कॅमेऱ्याची आहे नाहीतर रसायनाची. उलट प्रकारही होतो. स्कॅनरवर ठेवून काढलेल्या फोटोत उत्तम टोनिंग सपाट, मातकट दिसतं. आमच्या मते अशा स्कॅन केलेल्या लॉटवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

विक्रेत्याकडे १० सेकंदांचा व्हिडिओ मागा: एकच बल्ब, नाणं हळूहळू तिरकं करत. मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्यावर गोल फिरतो, रंगाखालूनही. पट्टा फिरत नसेल आणि नाणं सगळीकडून एकसारखं मंद चमकत असेल, तर ते बहुधा कधीतरी घासलेलं किंवा ॲसिडमध्ये बुडवलेलं असतं आणि नंतर त्यावर पुन्हा रंग चढलेला असतो. आपल्याकडे हे फार आढळतं. लक्ष्मीपूजनाच्या ताटातला रुपया चिंचेने नाहीतर भांड्याच्या पावडरीने घासायची पद्धत घरोघरी आहे. केसासारखे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे टोनिंगखालीही सहसा पूर्ण लपत नाहीत. फोटो मोठा करून राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत शोधा.

कडेचा फोटो न मागणं

ही चूक सोलापूरकडच्या खरेदीदाराला जास्त महागात पडते. या भागात तांड्यांवरच्या आणि गावातल्या दागिन्यांत चांदीचे रुपये कडी लावून ओवलेले असत. पुढे कडी काढून, जोडाचा डाग कानशीने घासून तेच रुपये बाजारात येतात. समोरून नाणं निर्दोष दिसतं. कडेवर, बहुधा डोक्याच्या वर १२ वाजताच्या जागी, ३-४ मिलिमीटर भागातल्या उभ्या रेषा पुसट किंवा सपाट झालेल्या असतात आणि तिथला करडा रंग बाकीच्या कडेशी जुळत नाही. भोक पाडून पुन्हा भरलेलं असेल तर दोन्ही बाजूंना त्याच जागी नक्षी बसलेली दिसते. म्हणून नाणं फिरवत कडेचे चार फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर बोली लावू नका.

साल आणि वजन न जुळवणं

व्हिक्टोरियाच्या रुपयावर ‘एम्प्रेस’ ही पदवी १८७७ पासून येते. १८६२ साल आणि ‘एम्प्रेस’ एकत्र दिसलं तर पुढे बघायचीच गरज नाही. रामदरबार किंवा हनुमान असलेली, १८१८ साल घातलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी ही चलनातली नाणीच नाहीत, कितीही सुंदर काळी पडलेली असोत.

वजनात गफलत अशी होते. १८३५ ते १९३९ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी ५० टक्केच; बाकी तांबं, निकेल, जस्त. त्यात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम भरते. दोन्हींना एकच भाव लावला की घाटा ठरलेला. हैदराबादच्या निजामाच्या स्वतःच्या चलनातला, म्हणजे हाली शिक्क्याचा, चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि बहुतेक वेळा ८१.८ टक्के चांदीचा असतो. तुळजापूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) निजामाच्या राज्यात असल्याने तो इकडे खूप मिळतो. वजन कमी भरलं म्हणून त्याला खोटा ठरवणारे चांगली नाणी हातची घालवतात.

नाणं हातात आल्यावर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. जुन्या ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास येतो, ५० टक्केवाल्याला १.२२. १.३० च्या पुढे गेला तर जर्मन सिल्व्हरसारखा (ज्यात चांदी नसतेच) हलका मिश्रधातू समजा. नंतर नाणं पुसू नका, मऊ कापडाने फक्त टिपा.

बोली लावताना

हातोडी किमतीवर (ज्या बोलीला लॉट सुटतो ती किंमत) लिलाव संस्थेचं प्रीमियम, त्यावर कर आणि वर कुरिअर लागतो. ४,००० रुपयांना सुटलेलं नाणं १५ टक्के प्रीमियम धरला तर ४,६०० होतं, कर आणि कुरिअर वेगळे. प्रत्येक लिलावाचे नियम निराळे असतात, म्हणून आधी वाचा आणि घरपोच किमतीवरून उलटा हिशेब करून कमाल बोली ठरवा. दोन दिवस आधीच बोली लावून लॉटकडे इतरांचं लक्ष वेधू नका. शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ वाढते का, तेही बघून ठेवा. वाढत असेल तर शेवटच्या सेकंदाची घाई निरर्थक आहे.

नाणं प्रमाणित पेटीत (नाणी तपासणाऱ्या संस्थेने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या पेटीत) असेल तर क्रमांक त्या संस्थेच्या साइटवर तपासा आणि तिथला फोटो जुळवा. टोनिंगचे डाग प्रत्येक नाण्याचे वेगळे असतात, त्यामुळे बनावट पेटी इथेच उघडी पडते. शेऱ्यात ‘क्वेश्चनेबल कलर’ (रंग शंकास्पद) लिहिलं असेल तर किंमत साध्या नाण्याचीच द्या.

पार्सल आल्यावर

पाकीट उघडण्याचा व्हिडिओ एका दमात काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून नाण्यापर्यंत.

नाण्यावर हिरवट, चिकट थर दिसला तर तो बहुतेक पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून आलेला असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा पाकिटांतलं रसायन लवकर सुटतं. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं ५ ते १० मिनिटं बुडवा, घासू नका, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा खळबळून वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. नेलपेंट रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. ॲसिटोनने टोनिंग जात नाही; खायचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलच्या उपायाने मात्र ते धुऊन निघतं, आणि ते परत आणता येत नाही.

ठेवायला कडक पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. रबरबँड, लोकरी कापड आणि नव्या प्लायवूडचं कपाट यांपासून नाणी लांब ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.